कालव्यावर बोललेलं

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

कोऱ्हाळे बुद्रुक, ता. बारामती
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

राजमान्य व्याही गुणवंतराव यांस,

दादासाहेबाचा घरच्यांसकट रामराम. हिकडं आमी बरं हाय. तिकडं यवतमाळात तुमी, इहीणबाई, रोशनराव आन् आमची सोनम समदी धडधाकट असाल असं धरून लिवतो.

पत्र बघून हसाल. आजकाल पत्र कोण लिवतंय? पण तुमाला फोन लावला की एकदा वाजतो आन् बंद पडतो. आमची सिंधू म्हणली, ‘‘अवो, त्येला ब्लॉक केलं म्हंत्यात. बोटं दुखत न्हाईत का तुमची?’’ मग सोनमच्या शाळंतली जुनी वही काढली. मागली पानं कोरीच होती. अभ्यासात पोरगी तशीच, मधीच सोडून द्यायची. वही सोडायची, पर हट्ट न्हाय सोडायची.

हिकडचं म्हणाल तर कारखान्याचं गाळप सुरू झालं. आमच्या खालच्या तुकड्यात टोळी आलीय, चार दिसात ऊस निघंल. मागल्या जानेवारीत तुमी जिला हातानं पेंड चारली ती गाय याली. कालवड हाय, कपाळावर चांद हाय. सिंधू म्हणती हिचं नाव सोनमच्या हुणाऱ्या लेकराला ठेवू द्या. मी म्हणलं, त्येला अजून वरीसभर बोलता येणार न्हाय, तवर काय कालवड बिननावाची ठेवायची?

आता मुद्द्याचं. सोनमचा सातवा सरत आला. पयलं बाळंतपण माहेरी, ही आमच्यात रीत हाय आन् तुमच्यातबी हाय, लग्नाच्या बैठकीत इहीणबाईच तसं बोलल्या होत्या. आमी माडीखालची खोली चुन्यानं रंगवून घेतली. बाज नव्या नवारीनं विणली. डिंक, खारीक, हळीव समदं आणून ठेवलंय. बारामतीत चांगली बाईडॉक्टर हाय, तिच्याकडं नाव घातलंय. तुमी नुसतं व्हय म्हणा, येत्या रविवारी मी गाडी घिऊन निघतो.

तुमी उपोषणाच्या मंडपात शपथ घेतली असं कानावर आलं. वेगळं राज्य हुईस्तवर आमच्या उंबऱ्याला पाय लावणार न्हाय, घरातल्या कुणाला लावू देणार न्हाय. बरं. राज्य मागा, जरूर मागा, आमी काय तुमचा हात धरलाय? पर गुणवंतराव, ह्यात पोटुशी पोरगी कशापायी ओढता? राज्य आज होईल, धा वरसानं होईल, न्हायतर होणारबी न्हाय. लेकरू काय तवर थांबायचंय?

आन् ते सप्टेंबरात जे काय झालं, त्येचं मनावर घिऊ नका. मोबाइलवरचं काय खरं असतंय? कुणी मागचं कापतो, कुणी फुडचं जोडतो. माणूस बोलतो एक, फिरतं भलतंच. तुमी शाणं हाय, तुमाला जास्त काय सांगायचं?

तवा राग सोडा आन् पोरीला धाडा. इहीणबाईंना नमस्कार.

आपला व्याही,
दादासाहेब

—

कोऱ्हाळे बुद्रुक
शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०२५

गुणवंतराव,

पत्राचं उत्तर आलं न्हाय, तुमचा फोन आला. मला न्हाय, सिंधूला. ती कणीक मळत होती, हात भरलेलं, म्हणून तिनं कोपरानं स्पीकर लावला. मी तितंच दाराला टेकून हुभा होतो. तुमाला ठाव नसंल म्हणून सांगतो, मी समदं ऐकलं.

तुमी म्हणला, ‘‘इहिनबाई, शपथ मी घेतली, पोरीनं नाही घेतली. बाळंतपणाले तिले घेऊन जा. माह्या घरून कोनी आडवं येनार नाही.’’

खरं सांगू? माझी छाती फुगली. मी सिंधूला म्हणलं, ‘‘बघितलंस, पत्रानं काम केलं! माणूस घरात कसाबी असू दे, कागदावर गोड लिवता आलं पायजे.’’ लगोलग गाडीवाल्याला रविवार सांगून टाकला. मागल्या शिटावर टाकायला गादी काढली. गादी उन्हात टाकली आन् मग सोनमला फोन केला.

ती म्हणली, ‘‘आबा, मी येत न्हाय.’’

मी म्हणलं, ‘‘अगं, त्येंनी परवानगी दिली.’’

‘‘माहीत हाय. मामंजींनी मला हात जोडून सांगितलं जा म्हणून. मीच न्हाय म्हणले.’’

गुणवंतराव, मला वाटलं होतं अडवणारं तुमी हाय. पंधरा दिस मी तुमाला मनातल्या मनात शिव्या घालत होतो, आता कशाला लपवू? सिंधूपाशी तर मोठ्यानंबी घातल्या. आन् पोरगी म्हणती मीच येत न्हाय. आता कुणाशी भांडू?

मग तिनं मला मंडपातलं सांगितलं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या साखळी उपोषणाला त्या दिवशी ती तुमच्यासाठी पाण्याची बाटली घिऊन आली होती, आन् तुमच्या शेजारीच बसली होती. तुमच्यातल्याच कुणीतरी कर्ण्यावर माज्या सप्टेंबरातल्या भाषणाची ती क्लिप लावली. समद्यांनी माझा आवाज ऐकला. कुजबूज झाली, ही त्याचीच पोरगी म्हणून बाया तिच्याकडं बघाया लागल्या. तिला उठताबी येईना, बसताबी येईना. तवा तुमी उठला आन् तिच्याम्होरं जाऊन हुभं राह्यला, कुणाला ती दिसू नये म्हणून. क्लिप संपुस्तवर तसंच हुभं राह्यला. आन् मग माइक घिऊन शपथ घेतली.

‘‘आता सांगा आबा,’’ ती म्हणली, ‘‘कंच्या तोंडानं येऊ?’’

सिंधूनं उन्हातली गादी आत आणून टाकली.

पयल्या पत्रात मी लिवलं की कुणी मागचं कापतो, कुणी फुडचं जोडतो. खोटं लिवलं. कुणी काय कापलं न्हाय, जोडलं न्हाय. समदं मीच बोललो.

तुमी जानेवारीत आला तवा मी तुमाला फिरवलं. आमच्याकडं पाव्हणा आला की त्येला च्या पाजायच्या आधी कारखाना दाखवायचा, मग दुधाचा प्लँट, मग शेततळं आन् शेवटाला डावा कालवा. समदी असंच करत्यात. जावई असू दे न्हायतर सोयरीक जमवायला आलेला माणूस, कालव्याशिवाय पाव्हणचार पुरा होत न्हाय. तुमी कापूसवालं, तुमाला काय वाटंल ह्येचा इचार केलाच न्हाय. उलट पाणी फुल्ल सोडलंय बघून मलाच गुदगुल्या झाल्या. म्हणलं, नशीबवान पाव्हणा, आवर्तनात आला.

तुमी चपला काढल्या. काठाला बसून पाण्यात हात घातला. म्हणला, ‘‘हे पानी रोजच असते काय जी?’’

मी म्हणलं, ‘‘रोज न्हाय, पर असतंय.’’

मग तुमी डोळं पुसलं आन् सांगितलं. तुमच्या गावाजवळबी कालवा खंदून ठिवलाय, पाणी कधीच सोडलं न्हाय. तुमचं वडील मरूस्तवर रोज सांच्याला तितं जाऊन बघायचं. घरात कुणाला सांगायचं न्हाईत, फिरून येतो म्हणायचं. तुमी एकदा मागनं गेला तवा कळलं. हे तुमी मला सांगितलं. मला वाटतं दुसऱ्या कुणाला सांगितलं नसंल. मी तुमच्या पाठीवर हात ठिवला होता, आठवतंय का?

सप्टेंबरात कारखान्याची वार्षिक सभा झाली. तुमच्या तिकडच्या रास्ता रोकोची बातमी त्याच दिवशी होती. एकानं डिवचलं, ‘‘दादासाहेब, तुमचं व्याही झेंडा घिऊन रस्त्यात बसल्यात म्हणं! मुलूख तोडाया निघाल्यात!’’ समदी हसली. सभासदांत माझं हसं व्हायला लागलं म्हणून मी हसं तुमच्याकडं ढकललं. माइक घेतला आन् म्हणलं, ‘‘तोडू द्या की! आमचं व्याही हितं येऊन कालवा बघून रडलं. ह्येंचा बाप रोज कोरड्या कालव्यावर जाऊन बघायचा म्हणं, पाणी आलं का! अवो, बघून पाणी येतं व्हय? त्याला धमक लागती!’’

चारशे माणूस हसलं. टाळ्या पडल्या. मला बरं वाटलं. बरं वाटलं हे खरं हाय.

आमची थोरली बहीण, शकुअक्का, तिकडं इंदापूर तालुक्यात कालव्याच्या टेलला, पार शेवटाच्या टोकाला दिलीय. क्लिप बघून तिचा फोन आला. म्हणली, ‘‘दादा, आमच्या चारीला दोन वरसं पाणी पोचलं न्हाय. मीबी रोज जाऊन बघती. माज्यावर कवा भाषण करणार हायेस?’’ मी म्हणलं अक्का, तसं न्हाय. ती म्हणली, ‘‘तसंच हाय.’’ आन् फोन ठिवला. यवतमाळ लांब राह्यलं, गुणवंतराव, आमच्या शेजारच्या तालुक्यातबी तेच गाऱ्हाणं हाय, आन् मी कधी इचारलं न्हाय.

क्लिप काढून टाकायला मी दारोदार फिरलो. ज्येनं शूटिंग केलं त्येच्या पाया पडलो. त्येनं माज्यासमोर डिलीट केली. परवा सकाळी आमच्याच भावकीच्या ग्रुपवर ती परत आली, खाली कुणीतरी ढोलकी लावलीय. चाळीस सेकंदांचं बोलणं हाय, पर आता ते माज्या हातात न्हाय. लेकरू मोठं होऊन मोबाइल बघाया लागंल, तवा त्येच्या मोबाइलवरबी ते येणार. सोनमनं हेच इचारलं, ‘‘त्येला काय सांगू आबा?’’

सिंधू उद्या निघती. रीत मोडली तर मोडली, ती म्हणती लेक माहेरी येत न्हाय तर मी माहेर घिऊन जाते. दौंडातनं रेल्वेत बसंल, बडनेऱ्याला रोशनराव न्यायला येणार हाईत. डिंक, खारीक, हळीव, गोधड्या समदं तिच्यासंगं हाय. बाज नेता येत न्हाय, ती खोलीतच राह्यली. कारखान्याची साखर तिनं पिशवीत भरली होती, ती मी काढून ठिवली. तुमच्या घरात आमची साखर नको.

मी दौंडापातुर जाणार, पिशव्या चढवून माघारी येणार. मला या म्हणू नका. आलो तर समदी म्हणतील, बघा, व्याह्यानं शपथ मोडली. तुमची शपथ तुमच्या मानाची हाय, ती माज्यापायी मोडू नका. आन् न आलो म्हणून पोरगी मला माफ करंल असंबी न्हाय. कसंबी केलं तरी नुस्कान मीच केलेलं हाय आन् ते मला भरता येत न्हाय.

काल पाणी सुटलं. सकाळी रानात पाण्याची दारं धराया गेलो आन् कालव्यावर तुमी बसला होता त्या जागी जाऊन बसलो. हात घातला पाण्यात. पन्नास वरसं हे पाणी बघतोय, मला काय वाटलं न्हाय. मग घरी आलो आन् हे लिवाया बसलो.

एकच मागणं हाय, ते तुमाला पटलं तर. लेकरू झालं, जरा मान धराया लागलं, की एखाद्या सांच्याला त्येला कडंवर घिऊन तुमच्या त्या कालव्यावर जा. पाणी नसू दे. त्येचा पणजा तितं रोज जायचा ते त्येला तुमी सांगा, तुमच्या तोंडानं. माज्या तोंडानं त्येच्या कानावर पडायच्या आधी.

उत्तर धाडू नका. सिंधूला दोन घास वेळंवर खाया लावा, पोरीच्या मागं लागली की तिला सोत्याचं ध्यान राहत न्हाय.

तुमी भाऊ समजून ज्येला सांगितलं आन् ज्येनं ते चारशे माणसात सांगितलं, तो

दादासाहेब