मांडीतला करंट

मलकपेठ, २७ मे २०१४, मंगळवार
गुडघा बदलून तीन महिने झाले, मांडी अजून झोपलेलीच. फिजिओवाल्या लक्ष्मीने दिलेलं यंत्र लावलं. दोन पट्ट्या, वीस मिनिटं. मांडी आपोआप आवळते, सुटते. चाळीस वर्षं पोरींना पी.टी. शिकवली, आता माझाच पाय बॅटरीवर.
सोमवारी इथलं राज्य तुटून नवं राज्य होणार. पुढच्या गुरुवारी नव्या राज्याच्या धावण्याच्या संघाची निवड; नात ऋचा चारशे मीटर पळणार. शेजारीण विचारते, "तुम्ही मराठी, मग इथल्या लोकल कशा?" बाई, छप्पनला इथलं जुनं राज्य तुटलं तेव्हाही आम्ही इथेच होतो. तुम्ही कुठे होतात?

२९ मे
ऋ.चं नवं खूळ. बरकतपुऱ्याच्या जिममध्ये करंटचं जाकीट चढवतात. "वीस मिनिटांत पाय स्ट्राँग, आजी. सगळ्या मुली घेतायत."
पाय पळून मजबूत होतात. खबरदार गेलीस तर.
"मग तू रोज काय लावतेस?"
माझं दुखणं आहे, तुझा आळस आहे. तिने दार आपटलं. मीही आपटलं असतं, पण दारापर्यंत पोचायला वेळ लागतो.

२ जून, सोमवार
नवं राज्य झालं. गल्लीत फटाके. ऋ. जिना बसून बसून उतरली. मांड्या दगड. गेलीच असणार! रिक्षा केली, जिमवाल्या इम्रानला सगळ्यांसमोर शाळेत नन्सकडून शिकलेल्या इंग्रजीत झाडलं. तो शांत. "आंटी, वो लड़की इधर आईच नई. और रेस के हफ्ते में मैं किसी को लगाताच नई."
घरी येऊन माझं यंत्र पाहिलं. माझा करंटचा आकडा सात. काटा वीसवर.
"किती वेळ?"
"दोन तास. काल तू लग्नाला गेलीस तेव्हा."

३ जून
लक्ष्मीला फोन. ओरडली, तीही माझ्यावर. "मशीन कुलुपात ठेवायचं, अम्मा!" लघवी काळपट झाली तर स्नायू फुटले समजायचं, थेट दवाखाना. ऋ.ला तीनदा विचारलं. साफ आहे. भरपूर पाणी, हलकं चालणं.
मी अडवलं नसतं तर निदान इम्रानची नजर असती तिच्यावर. त्याची माफी मागायची आहे. रिक्षा मिळत नाही, असं स्वतःला सांगते आहे.

४ जून
गच्चीवर दोघी चाललो. दोघी लंगड्या. "आजी, आपली रिले टीम," म्हणून हसली. मग रडली. पुढच्या वर्षी या गटात तिचं वय बसत नाही. ही एकच संधी.

५ जून, सकाळी सहा
ऋ. बूट घालून तयार. जिना उभ्याने उतरून दाखवला, कठडा धरून. शेवटच्या पायरीवर तोंड फिरवलं. मी पाहिलं.
"आजी, तू सांग. पळू?"
चाळीस वर्षं पोरी माझ्या शिट्टीवर पळाल्या. असं कुणी विचारलं नव्हतं.
रिक्षा खाली आली आहे. बरकतपुऱ्यावरून घ्यायला सांगणार. जिम उघडली असेल. आधी माफी, मग इम्रानलाच विचारेन. आणि तो नको म्हणाला, तर ऋ.ला मी कोणत्या तोंडाने थांबवू?