खड्ड्याची ऊब

८ एप्रिल २००२, महाळुंगे पडवळ

आले एकदाची! डिप्लोमानंतरची पहिली नोकरी, तीही आणे गावातल्या आमच्या घरापासून दोन एसट्यांवर. सयाजीशेठांची पोल्ट्री गावाबाहेर आहे. चार शेड, विहीर, मला पत्र्याची खोली. स्वयंपाकाला प्रयागबाई, शेड झाडायला गेणूबाबा. दोघंही साठी ओलांडलेले, दोघंही मला ताई म्हणतात.

माझं काम शेडमागच्या खड्ड्यावर. मेलेल्या कोंबड्या, कोंबडखत आणि भाताचं तूस थरांनी घातलं की ते कुजतं आणि आतून तापतं. त्यात नळीचं वेटोळं पुरलंय. नळीत पेन्टेन, पेट्रोलसारखा द्रव. अंगाच्या उबेलाही उकळू लागतो. वाफ वर चढते, छोटं चाक फिरवते, छतावरच्या डब्यात विहिरीच्या पाण्यानं निवते आणि स्वतःच्याच वजनानं पुन्हा खाली येते. पंप लागतच नाही! चाकावर तीन दिवे लावायचेत.

११ एप्रिल

खड्डा ५८ अंश. तिन्ही दिवे लागले. शेठांनी पेढे वाटले. पेढा तोंडात घातला आणि वास आला, नासलेल्या तुपासारखा. आता सगळ्यालाच येतो. भाकरीला, उशीला, माझ्या केसांना. सकाळी तूस उकरताना हाताला कोंबडीची मान लागली. आत वळवळ होती. दोनदा ओकले.

डबा निववून कोमट झालेलं पाणी टाकीत पडतं. तेच आम्ही पितो, त्यानंच आंघोळ. प्रयागबाई म्हणतात, त्यांचे गुडघे मोकळे झाले.

१७ एप्रिल

भर दुपारी गेणूबाबा घोंगडी पांघरून बसलेले. पत्रा तापून तडतडतोय आणि हे म्हणतात, थंडी वाजती. दिवस कलताना शोधलं तर खड्ड्यात निजलेले, कुजक्या पिसांवर, गालाखाली हात घेऊन. मी ओरडले. ते हसले.

"ताई, हितं लई ऊब हाये."

दाढीत अळ्या होत्या. त्यांनी झटकल्या नाहीत.

१९ एप्रिल

आता प्रयागबाईही. दोघं शेजारी शेजारी. शेठांना सांगितलं. म्हणाले, म्हातारी माणसं, पडू द्या. शेठांच्याही अंगात स्वेटर होता. खड्डा ६४.

२१ एप्रिल

छतावर चढून डबा उघडला. पेन्टेनचा थेंब नाही, कधीच उडून गेलाय. आतल्या नळ्या फुटलेल्या, पांढऱ्या चरबीनं गच्च भरलेल्या. त्यात पिसं. ती चरबी वर चढत होती. थांबायची, पुन्हा चढायची. फटीतून पाण्यात गळत होती. तेच पाणी— तेरा दिवस—

बोटं घालून ओकले. निघालं तेही पांढरं.

विहिरीची मोटर बंद केली. पाणी थांबलं, चाक नाही. पंप असता तर बटण दाबून बंद केला असता. इथं बंद करण्यासारखं काही नाहीच.

२२ एप्रिल

गेणूबाबा कमरेपर्यंत आत गेलेत. मनगट धरून ओढलं. कातडं माझ्या हातात आलं, मोजा निघावा तसं. डोळे उघडे होते त्यांचे.

"वढू नका ताई. नाय दुखत."

पळाले. तशीच, चपलांशिवाय. मिळाली ती एसटी धरून आळेफाट्याला उतरले, हॉटेलच्या भट्टीला खेटून तीन चहा घेतले. दात वाजायचे थांबेनात. हॉटेलवाल्यानं विचारलं, ताप हाय का ताई. हात हुंगला. तोच वास. घाण— माझ्याच घामाचा.

आण्याची गाडी समोर लागली. आई तिथे. घरी चूल आहे, गोधड्या आहेत. चढायला पाय उचलला, पण त्या चुलीनं माझं काय होणार— गाडी गेली.

परत पोल्ट्रीच्या वाटेनं, मंचरकडे जाणारी जीप धरली.

२३ एप्रिल

शेठही आत. नुसतं डोकं वर. मला बघून म्हणाले, या. दिवे इतके लख्ख की बघवत नाही. माझी नखं निळी पडलीत. पाणी प्यायले. टाकीतलं. माहीत असून—

२४ एप्रिल

आज वास येत नाही.

प्रयागबाई सरकल्या. जागा केली. वही तुसावर ठेवून लिहितेय. उजवा पाय घातलाय. मऊ आहे. काहीतरी बोटांत शिरतंय, गुदगुल्या— ओकारी आली नाही. आईला कळवायला हवं होतं, की इथलं पाणी कुणी

दुसरा पाय— ऊब गुडघ्यां