पोतारलेली भिंत

प्रिय मोठीमाय,

जयभीम.

अभिनंदन! तुझं घरकुल मंजूर झालं.

आज दुपारी ग्रामपंचायतीचा चपराशी दुकानात आला. मी सिमेंटच्या थैल्या उतरवून घेत होतो. म्हणाला, "शेठ, तुमच्या मोठीमायचं नाव आलं ना! जागेवर उभी करून फोटो काढाचा आहे."

"अरे, तू तिच्या मातीले आला होता ना गा?"

"आलो होतो. पण फोटो तर लागतेच ना शेठ. त्याच्याबिगर काम पुढं सरकत नाही."

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. माझं दुकान हसण्यावरच उभं आहे, हे तुला ठाऊक आहे. मग गल्ल्यामागे बसलो आणि हे पत्र लिहायला घेतलं. मंजूर झाल्याची बातमी तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

पहिला सर्वे आठवतो तुला? भर उन्हाळ्यातला? तालुक्याहून साहेब येणार हे कळलं आणि तू कमरेला पदर खोचलास. तळ्याकडून पांढरी माती आणली, अख्खं घर पोतारलं, दारात सडा घातला, उंबऱ्याला गेरूची रेघ ओढली. मागच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग होती. तीही माती दाबून दाबून बुजवलीस. वरून विहारातली खुर्ची मागून आणली, टेबलावरचा पंखाही आणला. साहेबाला घाम यायला नको!

मी दारातच कपाळाला हात लावला. "मोठीमाय, हे काय करून राहिली तू? घरकुल पाहिजे ना तुले? राहू दे जसं आहे तसं. उलट छपराचे दोन कवेलू अजून काढून ठेव."

"काहून? पाहुणा येऊन राहिला आन् म्या घर उसवून दाखवू? लोक काय म्हणतीन? या बुढीले हात नाहीत?"

"अवं, तो पाहुणा नाही, सर्वेवाला आहे!"

"कोनी का असंना. माह्या दारात आला तं पाहुणाच."

साहेब म्हणजे पोरगाच, पण तसा भला होता. चहा प्यायला, मोबाईलवर नेमका त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीचा फोटो काढला. माझे कान कसे आहेत ते तुला ठाऊक आहे. बाहेर जाऊन तो फोनवर सांगत होता, "नाही हो सर, या बुढीले काय गरज? भिंती चकाचक, घरात पंखा, खुर्ची. लिहून टाकतो, घर चांगलं आहे." आणि तू त्याच्या गाडीच्या धुळीकडे पाहत मला म्हणालीस, "लय चांगला पोट्टा आहे. चहा पुरा पेला."

मला तुला सांगवलं नाही. पण कळलंच तुला.

आणि तुझा शेजारी देवाजी! त्यानं स्लॅबच्या घराला कुलूप लावलं, गोठ्यात खाट टाकली आणि खाटेवर आपली म्हातारी निजवली. म्हातारी अशी खोकली, अशी खोकली की साहेबानं आपल्या बाटलीतलं पाणी तिला पाजलं. देवाजीला घरकुल मिळालं. त्यात आता त्याचा ट्रॅक्टर झोपतो. सिमेंट माझ्याच दुकानातून गेलं. धंदा आहे, मोठीमाय.

मी म्हणालो नव्हतो का, मी बांधून देतो? तुझ्याच छपरीत वाढलो मी. तुझ्या हातची भाकर खाऊन विटा वाहायला जायचो. तू काय म्हणालीस? "तू देशील तं उपकार होईन, बंडू. सरकार देईन तं हक्क. मले हक्काच्या घरात मराचं आहे." मी टिनाचे पत्रे धाडले, ते तू शेळ्यांच्या गोठ्यावर घातलेस! शेळ्यांना उपकार चालतात का गं?

हक्काच्या घरात मरायचं होतं ना? मग थांबायचं होतं थोडं!

गवंड्याच्या हाताखाली मोठा झालेला माणूस मी. भिंत थापटली की मला कळतं. तुझी मागची भिंत ढोलासारखी वाजायची. मी थापटून दाखवली तर म्हणालीस, "बोलते ते माह्याशी. तीबी बुढी झाली."

श्रावणात झड लागली. तुझी सून शीला धानाच्या रोवणीला गेली होती. तुझा लेक, माझा भाऊ, गेल्यापासून तुम्ही दोघीच त्या घरात. दुपारी भिंत आत आली. आम्ही फावडी टाकून दिली, हातांनी माती उपसली. पांढऱ्या मातीची एक खपली माझ्या हातात अखंड आली. तिच्यावर तुझी पाचही बोटं उमटलेली होती.

त्यानंतर पंचनामा झाला. घर पडलेलं, म्हणून तू पात्र. घर पडलं तेव्हा तू आत होतीस, एवढीच काय ती अडचण!

इथपर्यंत लिहिलं, दुकान बंद केलं आणि शीलाकडे जाऊन आलो. तुझं घरकुल तिला थेट मिळत नाही म्हणे. तिचा सर्वे नव्यानं होणार, उद्या सकाळी. ती समोरच्या खोलीत राहते. मागची बाजू लुगड्यांनी झाकली आहे, आणि उरलेल्या भिंतीलाही आता भेग गेली आहे.

सांगू ती काय करत होती? पोतारत होती!

"शीला, हे काय व?"

"भाऊजी, साहेब येऊन राहिले ना उद्या. असं घर दाखवाचं का? सासूबाई काय म्हणल्या असत्या? विहारातली खुर्चीही सांगून ठेवली."

तुझीच सून! भेग बुजली होती. हात फिरवायची तऱ्हाही तुझीच, खालून वर. मी भिंत थापटली. ढोल. चहा पिऊन परत आलो.

तर मोठीमाय, तुला वचन देतो. उद्या उजाडताच, साहेबाच्या आधी मी तिथे असेन. शीलाचा हात धरून तिला बाहेर काढीन. मग तिनं पोतारलेल्या त्या भिंतीवर बाहेरूनच बादलीमागून बादली पाणी मारीन, भेग उघडी पडेपर्यंत. पांढरा ओघळ उंबऱ्यावरून, गेरूच्या रेघेवरून अंगणात वाहील. ती रडेल, मला शिव्या देईल. तू असतीस तर काठी घेऊन धावली असतीस. खुर्ची विहारातच राहील. साहेब उभ्यानं फोटो काढेल.

चहा मात्र पाजीन त्याला. तुझ्या दारात आला तं पाहुणाच.

तुझा,
बंडू