भांडणाच्या रेषा

प्रिय मार्थाताय,

पाचूबंदरला दुपार कलली आहे. बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकताहेत, पप्पा होडीला रंग देता देता तिच्याच सावलीत पेंगलेत आणि माझ्या लॅपटॉपवर ठिपके तरंगताहेत. डोळे अर्धवट मिटले की मला ते वाऱ्यावर सरकणाऱ्या होड्याच वाटतात.

माझ्या पीएचडीला तू हसायचीस. कोळ्याच्या पोरीला दोन हजार वर्षांपूर्वीच्या ज्यू पंथांशी काय करायचंय, म्हणायचीस. काम सोपं आहे गं. एकेक पंथ म्हणजे एक ठिपका. जुन्या लिखाणात ज्यांचा एकमेकांशी संबंध दिसतो त्यांच्यात रेष. रेषा जितक्या जास्त, तितका संगणक त्यांना जवळ ओढतो. परुशी, सदुकी हे मोठे पंथ मधोमध येऊन बसले. ज्यूंच्या मुख्य मंदिरातली उपासना बाटली म्हणून रुसून मृत समुद्राकाठच्या रानात गेलेले मात्र पार कोपऱ्यात, एकटे. मला ते बघवेना. तूच आठवायचीस.

मग चूक सापडली. जिथे पटलं तिथेच मी रेष काढली होती. भांडण झालं की बोलणं बंद, म्हणजे संबंध संपला, हे आपल्या घरचं डोक्यात बसलेलं. पण त्या रानातल्यांच्या लिखाणात जागोजागी मंदिरातल्यांशीच वाद. सणाचा दिवस कुठला, पाणी शुद्ध कुठलं. परक्याशी कोण इतकं भांडतं? मी भांडणाच्याही रेषा घातल्या आणि तो ठिपका, झोपेत कूस बदलावी तसा, हळूहळू आत सरकत आला. मला रडूच आलं, ताय.

तू आपलं चर्च सोडून नव्या प्रार्थनासभेत गेलीस, होडीला हार घालणं म्हणजे मूर्तिपूजा म्हणालीस, तेव्हापासून पप्पा तुझं नाव घेत नाहीत. पण जाळं विणताना रोज तुझ्याशीच भांडतात. देव काय हारानं बाटतो, असं समोरच्या खांबाला विचारतात. आपल्या घरी होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, हार घालायचा तो थोरल्या मुलीनंच. गेल्या वर्षी मी घालायला गेले तर त्यांनी हार काढून घेतला. होडी तशीच पाण्यात गेली.

येत्या रविवारी फादर होडीला आशीर्वाद द्यायला येताहेत. काल पप्पा माझ्यामागे उभे राहून ठिपक्यांकडे बघत होते. मी त्यांना सगळं समजावलं. मग रंगाचा डबा उचलताना म्हणाले, "तिला लिव. हार नको घालू म्हनावं. नुसती येऊन उभी ऱ्हा. आनि मी सांगितलं म्हनून लिवू नको."

तुझीच,
अमिषा