युनिटांची भिशी

द्वारका, नाशिक
२ ऑगस्ट १९८३

चि. लता हिस आजीचा जयभीम.

पत्र लिहिण्यास कारण की माझं डोकं फिरलंय. बाकी आम्ही सगळे धड आहोत. तुझी आई आहे तशीच आहे, कालवणात मीठ जास्त टाकते आणि मान्य करत नाही.

चार वर्षांमागं मला भिशी लागली, तेव्हा ते पैसे मी डब्यात ठेवणार होते. तू तेव्हा इथल्या बँकेत नवी नवी लागलेली. तू म्हणालीस, आजी, डब्यात पैसा झोपून राहतो, त्याची युनिटं घेऊ. ही काय भानगड म्हणून मी विचारलं, तर म्हणालीस, तुमच्या भिशीसारखंच असतं, लय लोकांचे पैसे एकत्र करतात, फक्त माणसं लाखांनी असतात. मला पटलं. भिशी मला कळते, कॉलनीतल्या बायांची मीच चालवते. म्हणून तुझ्या साहेबासमोर अंगठा दिला, तेव्हा मला कुठं लिहिता येत होतं.

आता सांग, माझा नंबर कधी लागणार? आमच्या वीस बायांत वीस महिन्यांत सगळ्यांची चिठ्ठी निघते. लाखांच्या भिशीत वेळ लागेल हे मी समजू शकते. पण चार वर्षांत एकाची तरी चिठ्ठी निघाल्याचं ऐकू यावं की नाही? दर आषाढात मुंबईहून माझ्या नावाचा एक रंगीत कागद येतो. मी त्याला शिवत नाही. नंबर लागायच्या आधी जी हात घालते तिचा नंबर शेवटाला जातो, हे मला कुणी शिकवायला नको.

घाई अशासाठी की माझ्या टपरीमागचा गाळा गोटीरामशेठ द्यायला निघालाय. बारा वर्षं ट्रकवाल्यांना मी उघड्यावर भाकरी थापून घालते. पाऊस आला की चूल विझते आणि ड्रायव्हर ताटावर फडकं धरून जेवतात. गाळा मिळाला तर चूल आत जाईल. पागडी दोन हजार. शेठ दसऱ्यापर्यंत थांबतो म्हणाला, त्यानंतर टायरवाला पुंजा टपलेला आहेच. तू आता मुंबईच्या बँकेत आहेस, तरी तिथल्या युनिटवाल्यांच्या कचेरीत जाऊन माझी चिठ्ठी कधी निघते ते विचार.

लोभ आहेच. तो वाढावा असं वाटत असेल तर उत्तर लवकर टाक.

तुझी आजी
नवसाबाई


मुंबई
९ ऑगस्ट १९८३

ती. आजीस लताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारला. कपाळ माझंच होतं ते बरं झालं, कारण भिशीचा दाखला मीच दिला होता.

आजी, युनिटात नंबर नसतो आणि चिठ्ठीही नसते. सगळ्यांच्या पैशांतून ते लोक गिरण्यांचे, कारखान्यांचे शेअर आणि सरकारचे रोखे विकत घेतात. सगळा पैसा एकाच जागी नसतो, त्यामुळे एखादी गिरणी बसली तरी सगळं बुडत नाही. या सगळ्या मालाचे सारखे वाटे पाडले, तर त्यातला एक वाटा म्हणजे एक युनिट. मालाचा भाव चढला की वाट्याचा चढतो, पडला तर पडूही शकतो. वर्षाचा जो नफा होतो तो ज्याचे जितके वाटे त्याला तितका मिळतो. तुझ्याकडे दर आषाढात येणारा रंगीत कागद म्हणजे तो नफा. तो चेक असतो, बँकेत भरायचा असतो. चारही वर्षांचे चेक कुठे आहेत? जुन्यांची मुदत गेली असेल, पण परत पाठवले तर नवे करून मिळतात.

वाटे आपल्याला पाहिजे तेव्हा त्यांनाच परत विकता येतात. त्यांचे दोन भाव असतात. आपल्याला देताना थोडा जास्त, आपल्याकडून घेताना थोडा कमी. पण चार वर्षांत भाव वाढला आहे, तेव्हा तुझ्या पदरचं जाणार नाही. माझं ऐकशील तर विकू नकोस. पण गाळ्याचं कळतंय मला. सोबत फॉर्म पाठवते. आता तू सही करायला शिकली आहेस, तेव्हा साहेबाच्या साक्षीची कटकट नाही. सही कर आणि सर्टिफिकेटासकट माझ्याकडे पाठव.

मिठाचं तू मला कळवलंस हे आईला सांगू नकोस. राग मानू नकोस, माया असू दे.

तुझी
लता


द्वारका, नाशिक
१८ ऑगस्ट १९८३

चि. लता हिस आजीचा जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा कळायला आणि एकदा चिडायला.

कागद शोधले. तीन गादीखाली सापडले. चौथा तुझ्या आईनं लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलाय. कागद जाड आहे म्हणे, मुंगी शिरत नाही. माझा नफा खाराला राखण बसलाय आणि मी इथं पावसात चूल फुंकतेय.

दोन भावांचं तर मला नवल वाटलंच नाही. उमेदीत मी लासलगावला कांदा निवडायला जायची. तिथंही घेणाऱ्याचा भाव वेगळा आणि विकणाऱ्याचा वेगळा, मधे आडत, हमाली, तोलाई. पण तिथं लिलाव उघड्यावर होतो, शिव्या कुणाला द्यायच्या ते तोंड समोर दिसतं. तुझ्या युनिटवाल्यांचं तोंड कुठंय? म्हणजे चार वर्षं मी भिशीत नव्हतेच, मी गिरण्यांची मालकीण होते, आणि हे मला सोडून सगळ्या मुंबईला माहीत होतं. मालकिणीला कुणी कळवायची पद्धत नसते का?

तू बँकेत आहेस, शिकलीस, सगळं खरं. पण माणसाला समजावताना त्याच्याच घरातली वस्तू दाखवली की तो पुढचं ऐकत नाही, घरातलीच वस्तू बघत बसतो. हे पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी ध्यानात ठेव.

फॉर्मवर सही केली आहे. प्रौढ वर्गाच्या बाईंनी शिकवली तशीच, पूर्ण नाव. अक्षर वाकडं आहे पण माझं आहे. सर्टिफिकेट सोबत आहे. शेठच्या दुकानावरून रोज जाते, तो रोज दसरा मोजून दाखवतो.

तुझी वाट बघत नाही, पैशांची बघते. माया मागाहून.

नवसाबाई


मुंबई
२४ सप्टेंबर १९८३

ती. आजीस लताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

कसं लिहू कळत नाही. फॉर्म परत आला. त्यांच्या दप्तरात तुझा अंगठा आहे आणि फॉर्मवर सही. ही सही कुणाची म्हणून विचारतात. चूक माझी. तू लिहायला लागलीस याचं मला इतकं कौतुक की जुना अंगठा विसरून गेले. मी कचेरीत जाऊन सांगितलं की बाई तीच आहे, फक्त शिकली. तिथले गृहस्थ म्हणाले, असेल, पण आमच्याकडे ती अंगठाच आहे.

आता नव्या फॉर्मवर पुन्हा अंगठा, त्यावर साहेबाची साक्ष, मग छाननी. दसऱ्याआधी पैसे हातात पडणार नाहीत. माझ्याकडे थोडे साठलेत, ते पाठवू का? पुरणार नाहीत, पण शेठला थोपवता येईल. शिव्या दे, पण उत्तर दे.

तुझी
लता


द्वारका, नाशिक
१४ ऑक्टोबर १९८३

चि. लता हिस आजीचा जयभीम.

पैसे पाठवू नकोस. तुझ्या खोलीचं भाडं कोण भरणार, गोटीरामशेठ?

शिव्या देणार होते, पण आठ दिवस कामात गेले. गाळा मिळाला.

झालं असं. या महिन्याची भिशी निघाली आणि चिठ्ठी आली बयाबाईची. मागच्या ओळीत राहते ती. तिला छपराचे पत्रे बदलायचे होते. मी तोंड उघडलं नव्हतं. भिशी चालवणारीनं मागायचं नसतं, नाहीतर उद्या कुणी पैसे ठेवणार नाही. पण माझं आणि शेठचं भांडण द्वारकेवर सगळ्यांनी ऐकलेलं. बयाबाईनं चिठ्ठी माझ्या मांडीवर टाकली आणि म्हणाली, "पाऊस गेलाय. माझं छप्पर जेठापर्यंत थांबेल, तुझा शेठ थांबायचा नाही."

मी आभार मानले नाहीत. माझा पुढचा नंबर तिच्या नावावर केला आणि नवे पत्रे बसेपर्यंत तिच्या घरी रोज चार भाकरी जातील असं वीस बायांसमोर ठरवलं. व्यवहार चोख आहे. पुंजा टायरवाला आता आमच्याकडेच जेवतो आणि भाकरी जाड म्हणून नाव ठेवतो.

आता तुझ्या युनिटांचं. विकायची नाहीत. सर्टिफिकेट तुझ्याकडेच राहू दे. चारही कागद सोबत पाठवते, मुदत गेलेले नवे करून घे. बरणीचा कागद तेलकट आहे, कचेरीत वास सुटला तर सुटू दे. अर्जावर इथल्या साहेबासमोर अंगठा दिला आहे. तुला लिहिता येत नाही का म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, येतं, पण तुमच्या लोकांना वाचता येत नाही.

त्या लाखो लोकांचा मी बराच विचार केला. त्यातला एकजणही माझ्यासाठी आपली पाळी सोडणार नाही. पण त्यातला एकजणही माझ्या दारात येऊन माझी पाळी मागणार नाही, हेही काही वाईट नाही. तिकडं थोडं असू दे, इकडं थोडं असू दे.

दिवाळीला येशील तर गाळ्यात बस, चूल आत आहे. आईचं मीठ तसंच आहे.

खाली सही केली आहे. अंगठा फक्त त्यांच्यापुरता ठेवलाय.

नवसाबाई