बारा महिन्यांचा कागद

१४ नोव्हेंबर, मंगळवार

वर्षाचा विमा की महिन्याचा, एवढाच प्रश्न! आणि त्यावर बोलायला सगळ्यांना जिभा फुटल्यात.

गाडीचा विमा तीस तारखेला संपतो. आज अन्वरचा बेल्जियमहून फोन. "आई, महिन्याचाच घे. जानेवारीपर्यंत तुझे कागद होतील. तू इकडे आल्यावर गाडी काय दारातलं देवदाराचं झाड चालवणार?"

मी म्हटलं, "मी येते असं कधी म्हणाले?"

"तिकिटाचे पैसे घेतलेस ना?"

घेतले. पाठवले म्हणून घेतले. परत कसे करायचे ते कळेना.

इत्तोला कोण नेणार, हे हा पोरगा विचारतच नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी माझ्या धाकट्या बहिणीचं रक्त यंत्रातून धुवावं लागतं, खाली अझ्रूच्या दवाखान्यात. आमच्या ऐन लेउह गावाहून बस निघाली तर निघाली. आणि भाड्याच्या टॅक्सीवाल्यानं गेल्या वर्षी सांगितलं — परत येताना ही ओकते, नको! त्याच आठवड्यात मी गाडी शिकायला नाव घातलं. एकसष्टाव्या वर्षी! दोनदा नापास. तिसऱ्यांदा परीक्षकच थकला. नवरा, ह्माद, असता तर पोट धरून हसला असता. गाडी त्याचीच. मरेपर्यंत मला चाकाला हात लावू दिला नाही.

१५ नोव्हेंबर

इत्तोसुद्धा! मसूर निवडता निवडता, मान वर न करता — "ताई, महिन्याचाच घे."

"का?"

"वर्षाचं कुणी बघितलंय."

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही. ताट कलंडलं, मसूर घरभर. मग दोघी गुडघ्यांवर बसून वेचत राहिलो.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

नाक्यावर पोलिसानं अडवलं. काचेवरचा विम्याचा कागद वाचला. "तेराच दिवस राहिलेत, हाज्जा."

हाज्जा म्हणजे म्हातारी; पण मला मोजता येतं!

२० नोव्हेंबर

मोहा आला होता. ह्मादचा भाऊ. तीन पेले चहा आणि रव्याची अर्धी भाकरी, हर्शा, संपवल्यावर विषयावर आला.

"वहिनी, एक महिना पुरे. मग गाडी मी नेतो. बर्फात घाट उतरणं बाईमाणसाचं काम नाही."

"तू उतरलास तेव्हा मेंढरांत घुसला होतास."

"तेव्हा धुकं होतं!"

"मेंढरांनाही होतं, मोहा. ती नीट चालली होती."

उरलेली हर्शा न खाता गेला. म्हणजे लागलं! आज झोप छान येईल.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

इत्तो यंत्रावर असताना चार तास बाकावर बसून विचार केला. महिन्याचा घेतला तर खिशाला बोचत नाही, खरं आहे. माझं निवृत्तिवेतन सुईणीचं, राणीचं नाही. पण बारा हप्ते मिळून वर्षाच्या रकमेपेक्षा बरेच जास्त होतात. आणि दर महिन्याला त्या कार्यालयात जायचं. जानेवारीत रस्ता बंद असताना नेमका महिना संपला तर? विम्याशिवाय गाडी बाहेर काढायची? की इत्तोला घरी ठेवायचं?

हे सगळं हिशेबाचं. खरं कारण वेगळंच आहे. महिन्याचा कागद काचेवर लावला की दर मंगळवारी इत्तो तो वाचणार. तिच्या नाकासमोर!

२८ नोव्हेंबर, मंगळवार

केलं!

विम्याच्या खिडकीत रजा नावाची मुलगी बसते. मी सुईण असताना तिच्या आईचं बाळंतपण केलं होतं, पण ते मी काढलं नाही. "किती महिन्यांचा, हाज्जा? बरेच जण एकाचा घेतात, जमेल तसं पुढे —"

"बाराचा."

"एकदम? घरी कुणाला विचारायचंय का?"

"विचारायचे ते मातीत गेले."

बिचारी वरमली. मी पैसे ठेवले. अन्वरच्या तिकिटाचे. सगळे गेले, वर थोडे माझे. तिनं नोटा मोजून घेतल्या. काय शांत वाटलं!

इत्तोनं गाडीत बसताना कागद वाचला. पुन्हा वाचला. "वेडी आहेस," म्हणाली.

आहे!

१ डिसेंबर

अन्वरला सांगितलं. म्हणाला, "आई, निदान विचारायचं तरी मला."

"तुझ्या बापालाही विचारलं नसतं!" असं म्हणून फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत छाती काढून फिरले. मग नाही.

९ डिसेंबर

फोन नाही. मीही केला नाही!

१७ डिसेंबर

फोन नाही. करायला हवा होता का? — नाही. पोरगा मोठा झालाय, बापासारखे हुकूम सोडायला लागलाय. आता ऐकायची सवय गेली माझी.

२ जानेवारी, मंगळवार

रात्रीतून गुडघाभर बर्फ. मोहा दारात उभा — "वहिनी, आज नाही. मी सांगतोय ना!" त्याला बाजूला हो म्हटलं. झाला.

इत्तो मागे, दोन घोंगड्यांत. खालच्या वळणावर रस्ता बंद करून ठेवलेला. पोलीस म्हणाला, परत फिरा. मी खाली उतरून मागचं दार उघडलं आणि त्याला इत्तोचे पाय दाखवले, सुजलेले. त्यानं आडवा बांबू उचलला. "बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागे मागे राहा, हाज्जा. पुढे जाऊ नका."

तीस किलोमीटरला अडीच तास! मान दगड झाली. देवाचं नाव आणि शिव्या एकाच दमात. पोचलो तर परिचारिकेनं इत्तोसाठी यंत्र राखून ठेवलं होतं. म्हणाली, "तुम्ही याल हे मला माहीत होतं."

परतताना ऊन पडलं. इत्तो आज ओकली नाही. खिडकीला डोकं टेकून म्हणाली, "ताई, पुढच्या हिवाळ्यात चाकांना साखळ्या घ्यायला हव्यात."

पुढच्या हिवाळ्यात!

डोळे पुसायला एक हात सोडला असता तर दोघी दरीत गेलो असतो.

१८ जानेवारी, गुरुवार

दुपारी दार वाजलं. अन्वर. न कळवता. मागे त्याची सहा वर्षांची लेक आसिया, टोपी डोळ्यांवर.

मी दारातच म्हटलं, "मला न्यायला आला असशील तर चहा पी आणि परत जा."

"न्यायला नाही आलो, आई."

मग उंबऱ्यावरच बसला. बायको जुलैतच सोडून गेली, म्हणाला. दुसऱ्या शहरात, दुसऱ्याबरोबर. हा रात्रपाळीला, आसिया शेजारणीकडे. शेजारणीनंही हात जोडले. "म्हणून तुला ये ये म्हणत होतो. खरं सांगायला तोंड होईना." काम सोडून आलाय.

दोन महिने मी या पोराशी भांडत होते.

आसियाला आपली भाषा येत नाही. घरात आल्यापासून माझी बाही सोडली नाही. आता इथेच, माझ्या डाव्या हातावर डोकं टाकून झोपलीय. हात बधिर झालाय. काढवत नाही.