पाण्यातही सापडलेलं एन्झाइम

ती. मामा,

भाचीचा नमस्कार. तेविसाव्या नळीत एन्झाइम आहे. काल दुपारी आमच्या बाईंनी (म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी) डीएनएचा फोटो उलटसुलट बघून तसं सांगितलं आणि त्या चक्क हसल्या. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला असेल. मी मजेत आहे. आमच्या थंड खोलीत चार अंश तापमान असतं आणि ते फक्त एन्झाइमला मानवतं, तेवढं सोडल्यास तक्रार नाही.

आता गेल्या पत्राबद्दल. चाळीसच्या चाळीस नळ्यांत एन्झाइम सापडल्याचं मी कळवलं होतं. ते पत्र तुम्ही शेजारच्या तीन घरांत वाचून दाखवलंत असं मामी म्हणाल्या, तेव्हा ती तीन घरं आता तुम्हालाच निस्तरायची आहेत. झालं असं, की आमचा जिवाणू स्वतःच्या डीएनएवर बारीकशी खूण करतो. खूण करणारं ते एन्झाइम मला बाकीच्या गाळसाळातून वेगळं काढायचं होतं. ओळखायची रीत सोपी: नळीतला थेंब डीएनएत घालायचा, मग कापणारं दुसरं एन्झाइम सोडायचं. खूण झाली असेल तर डीएनए कापला जात नाही. माझा कुठल्याच नळीत कापला गेला नाही. मी पेढे नव्हे तर बिस्किटं वाटली (घाईत तेवढीच मिळाली). आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रवाल्या काकांनी दोन खाल्ली आणि विचारलं, "नुसत्या पाण्याची नळी लावली होतीस ना?"

"लावली होती की."

"तिच्यात काय आलं?"

"तिच्यातही एन्झाइम."

"वा. म्हणजे नळ सोडला की तुझं संशोधन वाहतं."

मी ज्या जिवाणूतून डीएनए घेतला होता, तोही नेमकी तीच खूण करणारा निघाला. इस्त्री झालेल्या कपड्यांवर गार इस्त्री फिरवून स्वतःचा हात वाखाणावा, तसं ते झालं. मग खूण न करणाऱ्या जिवाणूतून डीएनए काढला, पुन्हा सगळं केलं, आणि एकोणचाळीस नळ्यांत तो मुकाट्याने कापला गेला. तेविसावीत नाही. पाण्यातही कापला गेला, हे काकांना आधी दाखवलं.

आज दिवसभर त्या एन्झाइमचा स्वभाव तपासला. मीठ जास्त झालं की काम सोडतं, पासष्ट अंशांवर दहा मिनिटांत राम म्हणतं, सदतीसला मात्र इतकं गुणी, की घरात कुणी तसं नाही. बाई म्हणतात, एकदा दिसलं ते पुरेसं नाही, सोमवारी पुन्हा दिसायला हवं.

तुमची,
भाची

ता. क. महिनाअखेरीपर्यंत एन्झाइम हाती आलं नाही तर मी परत येऊन त्यांच्या चष्म्याच्या दुकानात बसायचं, हा माझा आणि बाबांचा करार तुमच्यासमोरच झाला होता. महिनाअखेर सोमवारीच आहे. बाबा स्वतः बघायला येणार आहेत, आणि सामान न्यायला रिकामी बॅग आणणार आहेत.

ता. क. २. स्वभाव तपासण्याच्या नादात नळी जवळजवळ संपवली. एकाच खेपेपुरतं उरलंय. बाबा साडेदहाला पोचतील, निकाल अकराला दिसेल. तुम्ही त्यांच्याबरोबर या आणि तो अर्धा तास त्यांना खाली चहाला बसवून ठेवा. अकराला मीच बोलवायला येईन. पाच मिनिटं उशीर झाला तर दुसरा चहा मागवा.